सातबाऱ्यावर भात

मामाच्या सातबाऱ्यावर पीक अजून भातच आहे. शेतात उभं राहिलं की डोक्याच्या वर तिवरं, खारफुटीची झाडं. गुडघाभर चिखलातून पेन्सिली रोवाव्यात तशी त्यांची श्वासमुळं वर आलेली, मधूनमधून निवट्यांच्या, चिखलातल्या त्या छोट्या माशांच्या, उड्या आणि एका कोपऱ्यात जुन्या बांधाची वरंब, तीही आता ओळखीच्या माणसालाच दिसेल अशी. मागच्या दसऱ्यानंतर गेले होते तेव्हा मामानं एक पान तोडून माझ्या हातात दिलं. "जीब लाव पाठीला." लावली. मीठ! तिवर मुळांतून ओढलेलं मीठ पानातून घामासारखं बाहेर टाकतो हे मी वाचलेलं होतं, चाखलं पहिल्यांदाच. मामा म्हणाला, "याच जागंव तुजी आजी भात लावाची. आता सांग, यो वन हाय का माजा शेत?"

मी बँकेत काम करते. सातबारे रोज हाताखालून जातात, त्यामुळे उत्तर यायला हवं होतं. आलं नाही.

आमचं आजोळ खारेपाटातलं. अलिबाग आणि पेणच्या मधे, अंबा नदी जिथे धरमतरच्या खाडीला मिळते त्या बाजूचा सपाट, झाड नसलेला, उन्हाळ्यात पांढरा फटफटीत पडणारा मुलूख. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर मामाला कचेरीत अजून दोन फेऱ्या पडतील. इथली जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला खाडी वर आणि शेत खाली, मधे फक्त चिखलाचा बांध. बांधात जागोजाग उघाडी: ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायची, भरती चढली की आपोआप मिटणारी फळी. जून-जुलैचा पाऊस मातीतलं मीठ धुऊन नेतो, मग मोड आलेलं बियाणं चिखलात फेकायचं, त्याला रहू म्हणतात. शहरातून आलेल्या कुणाला हे सांगितलं की ते म्हणतात, "अरे, हे तर हॉलंडसारखं." असेल. पण हॉलंडचं नावही ज्यांनी ऐकलं नव्हतं त्या माणसांनी हातांनी उपसलेला चिखल आहे तो.

तो चिखल जागेवर राखायची रीत म्हणजे जोळ. एका बांधाच्या आत ज्यांची ज्यांची जमीन, ते सगळे एका जोळात. ज्याचं शेत जास्त त्याची माणसं जास्त. पावसाआधी बांध चालून बघायचा, खेकड्यांनी पोखरलेली बिळं ठेचायची, खचलेल्या जागी चिखल चढवायचा. बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात, आणि खांड पडली की जोळातला कुणी घरी बसू शकत नसे. लग्न असो, मयत असो. आजी एक रात्र सांगायची. श्रावणातलं उधाण, वारा, बांधावरून आलेली हाक. पेंढ्याचे भारे गेले, वाशे गेले, दोन खाटा गेल्या, शेवटी शेजारच्या घराच्या ओसरीचं दार उपटून खांडीत आडवं घातलं आणि त्यावर माणसं उभी राहिली, मागची माणसं त्यांच्या पायाशी चिखलाची ढेपं टाकत राहिली. पाणी थांबलं. ते दार अजून त्या बांधात आहे, असं आजी म्हणायची. ज्यांचं होतं त्यांनी पुढे कधी मागितलं नाही, आणि त्यांच्या ओसरीला कितीतरी दिवस गोणपाटच होतं.

मला ही गोष्ट लहानपणी शौर्यकथा वाटायची. आता बँकेत इतकी वर्षं काम केल्यावर ती हिशोबाची गोष्ट वाटते. कुणाचं किती शेत, कुणाची किती पाळी, कोण आला नाही, त्याच्याकडून काय वसूल करायचं. खाडीपुढे टिकायचं तर हे सगळं तोंडपाठ असावं लागत होतं. (याच खारेपाटात चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं संप करून शेतं पडीक ठेवली. एवढा लांब संप कसा टिकला याचं लोकांना नवल वाटतं. जोळ माहीत असेल तर तितकं वाटत नाही.)

मग कायदे आले. १९४८ साली मुंबई इलाख्याचा खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राचा. हळूहळू बांध सरकारच्या योजनेत गेले. हेतू चांगलाच होता. दगड-मातीचे मोठे बांध चार गावांच्या जोळाला झेपणारे नव्हते. पण बांध सरकारचा झाला म्हटल्यावर पाळीही सरकारची झाली. त्याच सुमाराला तरुण पोरं कंपन्यांत लागली, मामाचे दोघे भाऊ मुंबईला गेले, माझी आई लग्न होऊन पनवेलला आली. खांड पडली तर आता हाकेऐवजी अर्ज जाऊ लागला. अर्जाला उत्तर यायचं ते पुढच्या आर्थिक वर्षात. उधाण मात्र पंधरा दिवसांनी.

आमच्या बांधाला मोठी खांड पडली तेव्हा मी नववीत होते. खाडीतून बार्जेस जातात, त्यांच्या लाटांनी काठ खचतो असं गावातले तेव्हाही सांगत होते, आजही सांगतात. पहिल्या वर्षी भात जळलं. खारं पाणी एकदा आत आलं की मीठ उतरायला निदान दोन-तीन पावसाळे लागतात, तेही बांध बुजवला तर. तो बुजवला गेला नाही. दुसऱ्या वर्षी ओलसर पांढऱ्या जमिनीवर हिरवे ठिपके दिसले. तिवराचं बी पाण्यावर तरंगत येतं आणि भरती जिथे टेकवेल तिथे चार दिवसांत मूळ धरतं. आजी ते उपटून टाकायची, घरात तण उपटावं तशी. पाचव्या वर्षी उपटण्याजोगं राहिलं नव्हतं.

आणि नंतर तोडायलाही बंदी आली. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ साली राज्यभर कांदळवन, म्हणजे खारफुटी, तोडायला मनाई केली, २०१८च्या निकालात ती पक्की केली. खारफुटीच्या भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखीव. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत रातोरात डेब्रिज टाकून वनं मारणाऱ्यांना कुठेतरी थांबवायलाच हवं होतं. मी ठाण्याच्या खाडीवरून रोज रेल्वेनं जाते, तिथलं जे काही हिरवं शिल्लक आहे ते त्या निकालांमुळे आहे, याबद्दल मला शंका नाही. पण बिल्डरला वेसण घालणारा तोच कायदा मामाच्या शेतात आला तेव्हा त्याला बिल्डर आणि मामा यांतला फरक कळला नाही. शेत मामाचं, झाडं राखीव. बांध दुरुस्त करायचा तर वाटेत तिवरं आहेत.

दोन वर्षांपूर्वी बँकेनं मला मुंबईत एका कार्यशाळेला पाठवलं. किनाऱ्यावरच्या बचत गटांची कर्जं माझ्याकडे असतात म्हणून. थंडगार हॉल, पडद्यावर शब्द: निसर्गाधारित उपाय. समुद्र चढतोय (२००६ ते २०१८ या काळात जगाची सरासरी वर्षाला ३.७ मिलिमीटर), तुफानं वाढतायत, सिमेंटच्या भिंतींना पैसा फार लागतो आणि त्या पायाशी पोखरल्या जातात, त्यापेक्षा खारफुटी राखा, ती स्वतःच उगवते, गाळ धरते, मासळीला थारा देते, कार्बन साठवते. सगळं खरं. १०० मीटर रुंद खारफुटीतून जाताना वाऱ्याच्या लाटा १३ ते ६६ टक्क्यांनी बसतात, हा आकडा मी तिथेच पहिल्यांदा ऐकला. चहाच्या वेळी एका तरुण अभ्यासकानं पुढचं सांगितलं, जे पडद्यावर नव्हतं: तुफानाबरोबर चढणारं उधाण ही वेगळी गोष्ट, ते किलोमीटरभर जंगल ओलांडताना पाच ते पन्नास सेंटिमीटरच उतरतं. म्हणजे लाटेला शंभर मीटर पुरतात, उधाणाला नाहीत. उधाणाला बांधच लागतो. त्या मुलाचं मला फार बरं वाटलं.

मग आकडे आले. देशाच्या वनसर्वेक्षण अहवालात महाराष्ट्राची खारफुटी २०१३ साली १८६ चौरस किलोमीटर होती, २०२१ साली ३२४. टाळ्या पडल्या. उपग्रहाची नजर सुधारल्यामुळेही आकडा वाढतो, हे बोलणाऱ्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. मी हात वर केला आणि विचारलं, "बांध फुटून बुडालेली भातशेती यात धरली आहे का?" हॉलमध्ये जरा शांतता. "चांगला मुद्दा आहे, नोंद घेतो." वरून बघणाऱ्याला हिरवं ते हिरवंच. माझ्या आजीच्या शेताचे तीन तुकडे त्या ३२४मध्ये असतील तर आमच्या घरानं नकळत राज्याच्या यशात भर घातलेली आहे.

मी खारफुटीच्या विरोधात आहे असं कृपा करून समजू नका. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं जमिनीवर चढलं तेव्हा टाळेबंदी होती, मी पनवेलच्या घरात अडकलेली, मामाचा फोन बंद. चौथ्या दिवशी लागला. पत्रे गेले होते, आंबा पडला होता, माणसं ठीक. मग तो बांधाचं बोलायला लागला. जिथे बांधाच्या बाहेर, खाडीच्या अंगाला, तिवरांचा दाट पट्टा आहे तिथे बांधाला ओरखडा नाही. वळणावर, जिथे पट्टा खचून गेलाय, तिथे बांध अर्ध्यात बसला. "भायेरचा तिवर पायजेच," तो म्हणाला, "आतला कशाला?"

या एका वाक्यात तज्ज्ञांच्या अर्ध्या दिवसाचं भाषण आहे, असं मला वाटतं. बाहेर झाड, मधे चिखल, आत भात, आणि तिन्हींवर नजर ठेवणारी माणसं. जुन्या लोकांनी बाहेरची तिवरं मुद्दाम राखली होती. जळणाला फांद्या घेत, बुंधा नाही. पुढे समुद्र चढत गेला तर हा पट्टा मागे सरकायला जागा मागणार आणि मागे बांध आहे, हाही पेच आहेच. कुठला बांध राखायचा आणि कुठलं शेत खाडीला परत द्यायचं, हे कधीतरी ठरवावं लागेल. मामालाही ते कळतं. त्याचं म्हणणं एवढंच की ते ठरवून व्हावं, खांड बुजवायला कुणी आलं नाही म्हणून होऊ नये. आणि द्यायचंच तर त्याचं भाडं कुणीतरी द्यावं. २०२३च्या अर्थसंकल्पात खारफुटी लागवडीची मिष्टी नावाची योजना जाहीर झाली. मी मामाला नाव सांगितलं तर तो म्हणाला, "मिठाच्या झाराला मिष्टी?" आणि बराच वेळ हसत राहिला.

गोव्याला गेलं की मला खाजनं बघायचा नाद आहे. आमच्या खारेपाटाची सख्खी बहीणच ती: तेच चिखलाचे बांध, बाहेर खारफुटी, उघाडीला तिथे मानस म्हणतात, बांध राखणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळाला बाऊस. कोर्गुट हा खाऱ्यात तगणारा भात तिथला. पण खरी गंमत मानशीची. ओहोटीला दार उघडतं तेव्हा पाण्याबरोबर कोळंबी-मासळी बाहेर पडते. ती धरायच्या हक्काची पावणी व्हायची, म्हणजे लिलाव, आणि त्या पैशात बांधाचा खर्च निघायचा. मासळी बांधाचा पगार देत होती! पुढे भातापेक्षा मासळीचा भाव चढला आणि कित्येक ठिकाणी खारं पाणी मुद्दाम आत घेतलं जाऊ लागलं. भात गेलं, बांध मऊ पडले. पैसा आला की बांध टिकतो हे खरं नाही, आणि पैशाशिवाय टिकतो हेही नाही.

माझ्या टेबलावर येणाऱ्या फायलींत हेच प्रश्न वेगळ्या वेषात असतात. राज्यानं २०१२ साली कांदळवन कक्ष काढला, २०१७ साली खारफुटीच्या गावांसाठी उपजीविकेची योजना आणली: चिंबोरी (खेकडा) पालन, कालवं, शोभेचे मासे, पर्यटन. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायका वल्ह्याच्या होडीतून पाहुण्यांना खारफुटी दाखवतात, ते मी स्वतः बघून आले. होडी वल्हवणारी ताई चिपी, कांदळ, तिवर पानावरून ओळखून दाखवत होती आणि मधेच आपल्या सुनेचं गाऱ्हाणंही. पांढरी चिपी हा २०२०पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे हे तिला ठाऊक होतं, माझ्या सोबतच्या साहेबांना नव्हतं. चिंबोरीचं प्रकरण नाजूक. तिवरांतल्या जाळीबंद तळ्यात पिल्लं सोडायची, वाढवायची. पिल्लं खाडीतूनच ओरबाडली तर पुढे काय, म्हणून बीज तामिळनाडूतल्या हॅचरीतून आणतात. आणि चिंबोऱ्या एकमेकींच्या नांग्या तोडतात. कर्जाच्या अर्जात ही जोखीम कुठल्या रकान्यात लिहायची ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. एका गटाची निम्मी तळी अशीच गेली; उरलेल्या निम्म्यात हप्ता फिटला, हे त्या बायकांचं कौतुक, योजनेचं की नशिबाचं ते मी ठरवत बसले नाही.

खारेपाटात या सगळ्याच्या आधीपासून जिताड्याची तळी आहेत. प्रत्येक जुन्या घरामागे एक. पावसात खाडीच्या कडेनं आलेली जिताड्याची पिल्लं पागानं, म्हणजे फेकायच्या जाळ्यानं, धरायची आणि तळ्यात सोडायची, मग दोन-तीन वर्षांनी पाहुणा आला की एक काढायचा. हा मासा मोठा विचित्र: नर म्हणून वाढतो आणि मोठेपणी मादी होतो, अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी जातो आणि पिल्लं खारफुटीच्या उथळ पाण्यात वाढतात. साहेबाला जिताडा दिला की काम होतं, असं आमच्याकडे म्हणतात. मामा दिलेल्या जिताड्यांचा हिशोब सांगतो आणि म्हणतो, बांधाला एकही लागू पडला नाही.

तर त्या दिवशी, पान चाखून झाल्यावर, मामानं पाग खांद्यावर घेतला आणि आम्ही बुडालेल्या शेतात अजून आत गेलो. मामी मागून हंडा घेऊन आली. ओहोटी लागली होती, मुळांमधल्या खळग्यांत पाणी अडकलेलं. मामा बांधाच्या त्या वरंबीवर चढला, एका हातानं तिवर धरला आणि पाग फेकला. गोल उघडला. ओढला तेव्हा कोळंबी, दोन निवट्या, काड्या, आणि वीतभर लांबीची चंदेरी पिल्लं, लाल डोळ्यांची.

"जितारं," मामी म्हणाली. "आपले शेतानली."

चार फेकांत हंड्याचा तळ झाकला गेला. मामी दर थोड्या वेळानं हात घालून पाणी ढवळत होती, पिल्लांना दम लागू नये म्हणून. परतताना हंडा एका कडेनं तिनं धरला, एका कडेनं मी. चिखलात पाय रुतत होते. मामा पुढे मोजत होता: एकवीस. मामी म्हणाली, बावीस, एक खाली बसलाय.

तळ्यात सोडून झाल्यावर तो ओसरीवर बसला, पाय धुतले, आणि सहज बोलावं तसं म्हणाला, "वलनाची खांड आमी बुजवताव. कचेरीची वाट नाय बगत. कोजागरीचा उदान होऊंदे, मंग अष्टमीला भांग हाय, पानी खाली असंल." भांगाच्या दिवसांत भरती कमी चढते; खांड बुजवायची ती तेव्हाच.

"किती जण आहेत?" मी विचारलं.

"नऊ. जेशीबी बांदाव चरत नाय, मऊ हाय." मग जरा थांबून, "तुजे आयचा पन तुकरा हाय त्याचे मागं. तुमचे घरानशी कोन येल?"

मी मोबाइलवर कॅलेंडर उघडलं. अष्टमी बुधवारी होती.